उजव्या बाजूचा माणूस

आंबागड,
९ जुलै १९७८

तीर्थरूप मामांच्या पायांवर रत्नाचं डोकं.

मी दहावी नापास झाली हे बाबानं तुम्हाले सांगितलंच असेल. पण बाबा कोणतीही गोष्ट अर्धीच सांगते, म्हणून उरलेली मी लिहून राहिली. बाकीच्या सगळ्या विषयांत मी पास आहे. फक्त इंग्रजीत गेली. इंग्रजीतही कशात, तर जोड्या लावा मध्ये. डाव्या बाजूले शब्द, उजव्या बाजूले त्याईचे अर्थ, उलटसुलट करून. त्यात एक होतं विडो आन एक होतं विंडो. मी विंडोचा नवरा मारला आन विडोले भिंतीत बसवली. बाकीच्या जोड्यांचं तर विचारूच नका.

आता इथं धान लावायचा रोवणा चालू आहे. बाबा म्हणते, ऑक्टोबरात धान पोटरीवर राहाते, तेव्हा परीक्षा-बिरीक्षा नाही. मार्चात बस, पण एकदाच. पास झाली तर मास्तरीणीच्या ट्रेनिंगले भंडाऱ्याले पाठवतो. नापास झाली तर वैशाखात लगन. सिहोऱ्याचं एक स्थळ आतापासूनच डोकावून राहिलं.

मामा, तुम्ही मिलमध्ये बसून इंग्रजीत बिलं करता. मले जोड्या शिकवा. आई म्हणते भय्याजीले लिही, तो नाही म्हणणार नाही. मामीले नमस्कार सांगा.

तुमची,
रत्ना


तुमसर,
२३ जुलै १९७८

चि. रत्ना हिस मामाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोहोचले. इंग्रजी भाषेस घाबरण्याचे कारण नाही. इंग्रजी ही धानासारखी आहे. आधी टरफल काढावे लागते, मग आत तांदूळ सापडतो. मी गेली सोळा वर्षे हेच करीत आहे.

तुझ्यासाठी पहिल्या जोड्या पाठवत आहे. डावीकडे : हस्क, गनी, मॉइश्चर, ब्रोकन, पॉलिश. उजवीकडे : पोते; तुटका तांदूळ, याला भाव कमी; टरफल; तांदळाला आणलेली चकाकी; धानातला ओलावा, हे कारण दाखवून व्यापारी भाव पाडतो.

रेघा ओढून परत पाठव. तुझ्या अभ्यासाची जबाबदारी मी घेतली असल्याचे मी इथे मिलमध्ये सर्वांना सांगितले आहे, तेव्हा माझी अब्रू तुझ्या हाती आहे. तुझी मामी बरी आहे, आशीर्वाद सांगते.

तुझा मामा,
भय्याजी


आंबागड,
२० ऑगस्ट १९७८

ती. मामांस नमस्कार.

सगळ्या जोड्या बरोबर लावून पाठवल्या आहेत. त्या तुमच्या मिलबाहेर जातच नाहीत, चुकतील कशा? बोर्डाचा पेपर काढणारा माणूस राईस मिलच्या ओट्यावर बसून पेपर काढत असेल तर मी यंदा पहिली येईन. नाहीतर माझं काही खरं नाही.

परवा बांधीत रोवणा करताना मी मोठ्यानं मॉइश्चर, मॉइश्चर घोकून राहिली होती. आई म्हणे, "काय म्हणून राहिली वो?" म्हटलं, "ओलावा." म्हणे, "गुडघाभर चिखलात उभी आहे, आन ओलावा मले सांगते!" सगळ्या बाया हसल्या. आता त्या मले मॉइश्चरबाई म्हणतात.

मामा, दुसरे शब्द पाठवा. माणसांबद्दलचे. रागावणं, रुसणं, असे.

तुमची,
रत्ना


तुमसर,
१९ नोव्हेंबर १९७८

चि. रत्नास आशीर्वाद.

उत्तरास फार विलंब झाला. नवे धान आले, हंगाम सुरू झाला. मिलमध्ये मान वर करायला सवड नाही. तरी तुझ्या इच्छेप्रमाणे माणसांबद्दलच्या शब्दांचा वेगळा कागद पाकिटात घातला आहे. अर्थ मीच लिहिले आहेत. अक्षर निराळे वाटल्यास निब बदलली आहे असे समजावे.

तुझा मामा,
भय्याजी

(सोबतचा कागद)

डावी बाजू : पेशन्स. पॉम्पस. स्टबर्न. क्युरिऑसिटी. सायलेन्स.

उजवी बाजू :
क. शेजारी पाहुणा आला की आपल्या घरची कढई हळू घासणं.
ख. लाकूड ओलं निघालं, चूल धुपली, डोळे चुरचुरले, तरी तोंडातून शिवी न निघणं.
ग. हातात छत्री असून भिजत येणं, कारण घरच्यांनी छत्री उघडा म्हटलं होतं.
घ. एका खोलीत दोन माणसं आहेत आणि एक पेपर वाचत आहे.
च. प्यायचं पाणीसुद्धा भाषण दिल्यासारखं मागणारा.


आंबागड,
३ डिसेंबर १९७८

ती. मामांस नमस्कार.

पेशन्स ख. पॉम्पस च. स्टबर्न ग. क्युरिऑसिटी क. सायलेन्स घ. तो कागद वाचून मी इतकी हसली का बाबानं खळ्यावरून हाक मारली, "काय झालं?" आता हे शब्द मी मरेपर्यंत विसरत नाही.

पण मामा, निब बदलली तर अक्षर बदलते, माणूस बदलत नाही. हे अर्थ तुमचे नाहीत. तुमच्या अर्थात एखादं तरी पोतं राहाते.

मी खूप विचार केला. ज्यानं हे लिहिलं तो स्वतः चूल पेटवते. म्हणजे घरी बाई नाही. म्हणजे लगन झालेलं नाही. कढईही तोच घासते. छत्री न उघडणारे तर तुम्हीच आहात, हे आईनंही ओळखलं, म्हणजे तो तुम्हाले रोज जवळून पाहाते. मिलमध्ये कोणी नवीन बाबू आला काय? सहज विचारून राहिली. अभ्यासासाठी.

तुमची,
रत्ना

ता.क. सोबतचा चिटोरा ज्याचा आहे त्याले द्या. त्यात तीन शब्द आहेत : नेम, एज, अलोन. म्हणा, रत्ना म्हणते या वेळी उजवी बाजू तुम्हीच भरा, आन खरी भरा.


तुमसर,
१७ डिसेंबर १९७८

चि. रत्नास आशीर्वाद.

नवीन बाबू आला आहे. देवाजी त्याचे नाव. अत्यंत हुशार, खिशाला दोन पेन लावतो. परंतु त्याचा तुझ्या अभ्यासाशी काय संबंध, हे कळले नाही. मन अभ्यासात ठेव. कागद सोबत आहे. मी पुन्हा सांगतो की निब बदलली आहे.

तुझा मामा,
भय्याजी

(सोबतचा कागद)

नेम : लोक ज्यानं हाक मारतात ते. मला बऱ्याच वर्षांत कोणी मारली नाही.
एज : आरशापेक्षा गुडघ्यांना नक्की माहीत असते ती गोष्ट.
अलोन : दुपारी बारा ते संध्याकाळी सहा.

आता तुमच्यासाठी एक. होप. याची उजवी बाजू तुम्ही लिहा.


आंबागड,
२५ जानेवारी १९७९

ती. मामांस नमस्कार.

संक्रांतीच्या नंतर सिहोऱ्याचे पाहुणे मले पाहाले आले होते. तुम्ही हंगामाच्या पायी आले नाही, म्हणून सगळं सांगते.

तिघं होते. मुलगा भोजराज, त्याचे वडील, आन काका मधुकरराव. मुलगा खाली मान घालून बसला होता. बोलले सगळं काकाच. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणतात, "या प्रसंगी आम्हास थोडे जल मिळाल्यास उपकार होतील." मी आतून ऐकलं आन मले तुमच्या कागदातला 'च' आठवला. तिथंच हसू फुटायले लागलं. आईनं चिमटा काढला.

मी पोह्याच्या बशा घेऊन गेली तर काका म्हणे, "पोरगी इंग्रजी शिकते असे ऐकतो. काही बोलून दाखव."

म्हटलं, "काय बोलू?"

म्हणे, "माझ्याबद्दलच बोल. पाहू तरी."

मग मी हात जोडले आन म्हटलं, "अंकल, यू आर व्हेरी पॉम्पस."

काका इतके खूश झाले! बाबाले म्हणे, "धनीरामजी, पाहा! थोरामोठ्यांना मान कसा द्यावा, पोरीला न सांगता कळते." बाबानं मान हलवली. तेवढ्यात त्या मुलाले खोकला आला. खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरला तरी थांबेना. डोळ्यातून पाणी आलं. त्याचे वडील म्हणे पोह्यातली मिरची लागली. आईनं पाणी दिलं. हातपाय धड आहेत, पण छातीचा कच्चा दिसते.

त्याईचा होकार आला. मी बाबाले नाही म्हटलं. बाबा लय तापले. कारण विचारलं तर मी परीक्षेचं सांगितलं. खरं कारण सोबतच्या बंद चिठ्ठीत आहे. ती तुम्ही वाचू नका. ज्याची आहे त्याच्या हातात द्या.

तुमची,
रत्ना

(बंद चिठ्ठी)

उजव्या बाजूच्या माणसास,

होप : दर आठवड्याले पोस्टमनची सायकल ओळखू येणं.

मी सिहोऱ्याले नाही म्हटलं आहे. तुमच्याकडून कोणी मोठं माणूस बोलायले येणार असेल तर परीक्षेच्या आधी यावं. बाबा तापट आहे पण मनानं वाईट नाही. मले चूल पेटवता येते. ओल्या लाकडाचीसुद्धा.

र.


तुमसर,
२ फेब्रुवारी १९७९

चि. रत्ना,

हे पत्र बसून वाच. हातातलं काम बाजूले ठेव.

मी तुझी मामी, सुलोचना. चूल मी पेटवते. कढई मी घासते. गुडघे माझे दुखतात. बारा ते सहा घरात मीच एकटी राहाते. मिलमधला देवाजीबाबू अठ्ठावन्न वर्षांचा आहे आन त्याच्या नातवाचं बारसं याच महिन्यात आहे.

झालं असं. ऑगस्टात तुझं पत्र आलं, आन तुझे मामा तीन रात्री डिक्शनरी उघडून बसले. माणसाबद्दलचा एक शब्द सापडला तर अर्थ सुचेना. हंगाम लागला तेव्हा मी म्हटलं, द्या इकडे. ते म्हणाले, तुले काय येते? मी भंडाऱ्याले नववीपर्यंत शिकली आहे, रत्ना. आमच्या बापाच्या हातमागाच्या खटखटीत मी इंग्रजीच्या कविता पाठ केल्या. लग्नात कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी कागद लिहिला, त्याईनं दोनदा वाचला. मग म्हणाले, निब बदलली असं लिहितो.

तू बाबूबद्दल विचारलं तेव्हाच मी सांगायले पाहिजे होतं. पण मले मजा वाटली. तुझे तीन शब्द वाचून मी एकटी चुलीजवळ हसली. एकही अक्षर खोटं लिहिलं नाही मी. तेच तर वाईट केलं. खोटं लिहिलं असतं तर तू पकडलं असतं.

आता तुझी बंद चिठ्ठी वाचली. पोरी, मी तुझी थट्टा केली आन तू तिच्यावर घर बांधलं.

रागव माझ्यावर. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझं मोठं पत्र मी परत परत वाचलं. मिरचीनं माणूस आधी पाणी मागते, दुपट्टा तोंडात कोंबत नाही. त्या ओसरीवर पॉम्पसचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती. एक तू. दुसरा खोकला नव्हता, रत्ना. तो हसत होता. आन घरी जाऊन त्यानं काकाले अर्थ सांगितला असता तर सिहोऱ्याहून होकार आला असता काय?

तुझी मामी


आंबागड,
९ फेब्रुवारी १९७९

मामी,

पत्र भेटलं.

रत्ना


तुमसर,
२३ फेब्रुवारी १९७९

चि. रत्ना,

आशीर्वाद. तुमचं दोघींचं काय झालं ते मले कोणी सांगत नाही. तुझी मामी भाजीत दोनदा मीठ टाकते, नाहीतर टाकतच नाही. काल मी म्हटलं, "रत्नाच्या जोड्या पाठवायच्या नाही काय?" तर म्हणे, "तुम्हीच पाठवा, पोत्याच्या." आन आत जाऊन बसली.

मी इतकंच सांगतो का निब बदलली नव्हती. तुले तर आधीच माहीत होतं. मिलमध्ये मी सगळ्याईले सांगितलं होतं का भाचीले मी शिकवतो, म्हणून तोंड उघडलं नाही. चूक कोणाची असेल तर ती माझी समज, पण तिले एक ओळ लिही. परीक्षा तोंडावर आहे, तुझ्या मनात राग नको, आन माझ्या भाजीत मीठ पाहिजे.

देवाजीनं नातवाच्या बारशाचे पेढे दिले. तू त्याच्याबद्दल विचारत होती म्हणून सांगितलं.

तुझा मामा


आंबागड,
१ मार्च १९७९

मामी,

देवाजीच्या नातवाच्या पेढ्यांचं वाचलं आन मले हसू आलं. इतके दिवस आलं नव्हतं. आधी रडू आलं होतं, मग राग, मग लाज. लाज सगळ्यात जास्त टिकली. मी चिठ्ठीत ओल्या लाकडाचं लिहिलं होतं हे आठवलं का मी अजून उशीत तोंड घालते. तुम्ही ती चिठ्ठी जाळली काय? नसेल तर आज जाळा. ओली असेल तरी जाळा.

मी माफ केलं नाही. एका अटीवर करते. तुम्ही नववी शिकल्या आहात. पुढच्या मार्चात बाहेरून दहावीले बसा. तुमचा फॉर्म मामांनी स्वतः मिलच्या लोकांसमोर भरावा, आन अर्ज कोणाचा हे विचारलं तर मोठ्यानं सांगावं. गणित मी शिकवीन. बीजगणिताच्या वेळी मी तुमच्यावर काय सूड घेते ते पाहाच.

सिहोऱ्याच्या खोकल्याचं तुम्ही लिहिलं ते मी वाचलं. त्यावर मले काही बोलायचं नाही.

रत्ना

ता.क. त्यानं खरंच सांगितलं नसेल काय काकाले?


तुमसर,
६ मार्च १९७९

चि. रत्ना,

चिठ्ठी जाळली. चहा उकळला तिच्यावर.

अट कबूल. तुझ्या मामांले सांगितलं तर ते म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "वयाचं मी गुडघ्यांले विचारलं, ते हो म्हणतात." मग छत्री न उघडता बाहेर गेले. कडक ऊन होतं, छत्री हातातच होती. पण परत आले तेव्हा हातात माझ्यासाठी एक नवी वही होती.

परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे राहायले ये. अंगणातली खाट तुझी.

तुझी मामी


आंबागड,
१८ एप्रिल १९७९

मामी,

तुमच्या घरून आल्यापासून मोहाची फुलं वेचायले जाऊन राहिली, त्यानं पत्राले उशीर. इंग्रजीच्या पेपरचं तुम्हाले घरी सांगितलंच, पण अजून विश्वास बसत नाही. वर्षभर जोड्या लावल्या आन पेपरात जोड्यांचा प्रश्नच नाही! पण निबंध आला घरातल्या एका माणसावर. मी मामांवर लिहिला. पेशन्स सोडून तुमचे सगळे शब्द त्यात बसले.

एक गोष्ट मात्र तुम्हाले तेव्हा सांगितली नाही. शेवटच्या पेपरनंतर मी मामांचा डबा द्यायले मिलमध्ये गेली होती. तिथं धानाच्या बैलबंड्या लागल्या होत्या. एका बंडीवरून भोजराज उतरून राहिले होते. मले पाहून पोतं खालीच सोडलं. सोडलं ते त्याईच्याच पायावर.

मी म्हटलं, "खोकला बरा आहे काय?"

म्हणाले, "तुमचे शब्द ऐकले नाही तर बरा राहाते."

मग सांगून राहिले. काका गावभर सांगत हिंडतात का आंबागडच्या पोरीनं मले पॉम्पस म्हटलं. ग्रामपंचायतीतही सांगितलं. आमचा नकार गेला तरी काकाच अडून बसले आहेत, लगन लावायचं तर त्याच पोरीशी, माणसाची पारख असलेली दुसरी भेटणार नाही.

मी विचारलं, "तुम्ही अर्थ काहून नाही सांगितला?"

म्हणाले, "सांगितला असता तर काका दुःखी झाले असते, आन तुमचं नाव सिहोऱ्यात कोणी घेतलं नसतं. दोन्ही नुकसान माझंच."

मग पायातल्या धुळीकडे पाहात विचारलं, "माझ्यासाठी कोणता शब्द आहे तुमच्याजवळ?"

मी म्हटलं, "अजून सापडला नाही. मले ट्रेनिंग करायचं आहे. दोन वर्षं लागतील."

म्हणाले, "शब्द शोधायले तेवढी लागतातच." आन पोतं उचललं. लंगडत होते पण दाखवत नव्हते.

मी बाबाले अजून काही सांगितलं नाही. तुम्हीच एक दिवस येऊन सांगा. माझ्या तोंडून निघत नाही.

तुमची,
रत्ना


आंबागड,
२१ जून १९७९

ती. मामा आन मामी दोघांलेही,

पास! इंग्रजीतही पास! बाबानं तीनदा विचारलं, "इंग्रजीत?" आई देवापुढं बसली आहे, उठतच नाही. ट्रेनिंगचा अर्ज उद्या टाकते. मामी तुम्ही बाबाशी काय बोलल्या ते त्याईनं सांगितलं नाही, पण काल सिहोऱ्याले स्वतः जाऊन आले. म्हणे, दोन वर्षं थांबतात. मधुकररावांनी बाबाले विचारलं म्हणे, पोरगी अजून काही म्हणाली काय माझ्याबद्दल?

आता तुमची पाळी. सोबत बीजगणिताचे पहिले दहा प्रश्न.

रत्ना


तुमसर,
५ जुलै १९८०

चि. रत्ना,

मी दहावी पास झाली म्हणून तू तार केलीच होती, ती मिलमध्ये गेली आन तुझ्या मामांनी सगळ्या हमालांले वाचून दाखवली. तू ट्रेनिंगची सुट्टी संपवून भंडाऱ्याले जायच्या आत हे वाचावं म्हणून घाईनं लिहून राहिली. काल आमच्याकडे जे झालं ते तुले सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

काल सकाळी आमचं वाजलं. मी बालवाडीच्या मास्तरीणीचा फॉर्म आणायचं काढलं, तर तुझे मामा म्हणाले, "पास झाली ना? आता अजून काय?" ते मिलमध्ये गेल्यावर साडी बदलली आन एकटी भंडाऱ्याच्या बसमध्ये जाऊन बसली. लगन झाल्यापासून एकटी पहिल्यांदा. ताट झाकून ठेवलं, त्यावर चिठ्ठी ठेवली. सवय व्हावी म्हणून मी आजकाल त्याईच्यासाठी एखादी ओळ इंग्रजीतच लिहिते. लिहिलं : गॉन टू भंडारा. रिटर्न बाय इव्हनिंग बस.

तुले माहीत आहे, माझं माहेर भंडाऱ्याचं. आन मिलच्या कागदावर रिटर्न म्हणजे काय राहाते? माल पसंत पडला नाही, परत पाठवला. त्याईनं तेच वाचलं.

हंगाम नाही म्हणून हे दुपारी घरीच जेवायले आले, चिठ्ठी वाचली आन ताट तसंच ठेवून निघाले. मले काय माहीत! मी फॉर्म घेतला, भावाकडे चहा प्याली, संध्याकाळच्या गाडीनं आली. खाली उतरली तर समोर हे उभे. एका पायात त्याईची चप्पल, एका पायात माझी. चहाच्या टपरीवाला मले म्हणे, "बाई, बाबूजी दुपारपासून भंडाऱ्याच्या प्रत्येक गाडीत डोकावून राहिले. मी चहा दिला तो पण तसाच थंडा झाला."

मी विचारलं, "तुम्ही इथं काहून?"

माझी चप्पल घातलेला पाय मागं घेतला. मग म्हणाले, "सहज."

माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यात फॉर्म दिसला, तो नीट घडी करून परत आत ठेवला. घरापर्यंत पिशवी त्याईनंच धरली, आन वाटेत मी सहजचा अर्थ विचारला नाही.

तुझी मामी,
सुलोचना